पाण्याखालची वीट

प्रभाकरभाऊ गेल्याची बातमी मला मोबाइलवर आली, आणि मी ती खोटी समजून पुसून टाकली. शनिवारची सकाळ होती. तोआ पायोहच्या माझ्या फ्लॅटवरून मी ग्रंथालयाकडे निघालो होतो. अनोळखी, परदेशी नंबरावरून इंग्रजीत चार ओळी आल्या, की बाबा आज पहाटे गेले, कृपया लगेच फोन करा, खाली नाव प्रज्ञा. सिंगापुरात राहणाऱ्याला असे मेसेज नवे नाहीत. कधी बँकेचं नाव, कधी कुरियरचं, कधी आजारी नातेवाइकाचं... सगळ्यांचा शेवट 'लगेच फोन करा' असाच. 'अनोळख्या नंबरावरून आलेलं कायबी खरं मानाचं नाही, आधी नंबर पायचा, मंग माणूस,' हे मला खुद्द भाऊंनीच शिकवलेलं. मी नंबर ब्लॉक केला, नागमोडी रांगेत उभा राहून कॉफी घेतली, प्यायलो. पाऊण तासानं भाऊंच्या पत्नीचा, रेखावहिनींचा, फोन आला तेव्हा कळलं, की मेसेज मेलबर्नहून त्यांच्या मुलीनंच केला होता, तिच्या नव्या नंबरावरून. मी हौगांगला त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा प्रज्ञा व्हिडिओ कॉलवर होती. तिनं विचारलं, "अंकल, यू डिडन्ट सी माय मेसेज?" मी पाहिला नाही म्हणालो. त्या घरात मी बोललेलं हे दुसरं खोटं. पहिल्याबद्दल पुढे सांगतो.

भाऊंची माझी ओळख भाडेकरू आणि घरमालक अशी झाली. मी पुण्याहून पोस्टडॉक संशोधक म्हणून आलो तेव्हा विद्यापीठाजवळची घरं परवडत नव्हती. कुणीतरी सांगितलं, हौगांगला एक नागपूरकडचं कुटुंब खोली देतं. पहिल्याच दिवशी भाऊंनी माझा पासपोर्ट, विद्यापीठाचं पत्र आणि कामाचा पास हातात घेऊन खिडकीशी उजेडात धरून पाहिले. मग विद्यापीठात फोन लावून या नावाचा माणूस खरंच तिथे आहे का, हे माझ्यासमोर विचारलं. मला ते लागलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. लग्नाच्या आधी माझी दहावीची मार्कलिस्टसुद्धा बघितली होती यांनी." भाऊ हसले नाहीत. "तिनंबी माही पायली होती," म्हणाले.

ते व्यवसायानं समुद्रतळ मोजणारे इंजिनीअर होते. बोटीवरून पाण्यात ध्वनिलहरी सोडायच्या, तळावरून परत यायला त्यांना किती वेळ लागतो त्यावरून खोली काढायची, आणि तिचे नकाशे करायचे. बंदरांना असे नकाशे सतत लागतात. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं, आणि त्या कामात संशय हाच पगाराचा भाग होता. बोटीच्या फेरीची एकच रेघ ते तीनदा मोजत. घरीही तेच. हौगांगच्या बाजारात मासळी घ्यायला जाताना खिशात दोनशे ग्रॅमचं एक पितळी वजन असे. तराजूवर आधी ते ठेवायचं, काटा बरोबर आला की मग पापलेट. मासळीवाली चिनी आजी सुरुवातीला ओरडायची, "अंकल, यू ऑल्वेज डोन्ट ट्रस्ट मी लाह!" काही वर्षांनी भाऊ दिसले की ती स्वतःच तराजू मोकळा करून त्यांच्यापुढे सरकवू लागली. आणि भाऊंच्या अंत्यदर्शनाला इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आम्ही चाळीसेक माणसं जमलो, त्रिसरण-पंचशील झालं, तेव्हा मागच्या रांगेतल्या लाल खुर्चीवर ती आजी बसलेली होती... काही कळत नसताना शेवटपर्यंत.

हा संशय कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. वर्धेजवळच्या त्यांच्या गावात मधल्या विहिरीवर त्यांच्या वस्तीला जाता येत नसे. यांच्या हातानं पाणी बाटतं, असं गाव म्हणायचं, आणि भाऊ म्हणत, की गाव इतकं ठामपणे म्हणायचं, की आम्हा पोरांनाही ते खरं वाटायचं. दहा वर्षांचे असताना एका रणरणत्या दुपारी, कुणी नसताना, ते त्या विहिरीच्या पायऱ्या उतरले आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. मग आठ दिवस लांबून पाहत राहिले. पाण्याचा रंग बदलला नाही. पाटलाच्या घरची माणसं तेच पाणी प्यायली, त्यांना काही झालं नाही. "तवापासून ठरवलं," ते म्हणाले, "सगळे सांगून राह्यले म्हणजे खरं नसते. कोनं पायलं, हे विचारायचं." पुढे आयुष्यभर समोरच्याला त्यांचा एकच प्रश्न असे, "तू स्वतः पायलं काय?" बायकोला, मुलीला, डॉक्टरला, धम्मावर प्रवचन द्यायला आलेल्या भन्तेजींनासुद्धा.

असा माणूस निवृत्तीनंतर वर्षभरात चार वेळा तमिळनाडूला जातो आणि 'समुद्रात बुडालेलं शहर पाहायला जातो' असं सांगतो, तेव्हा घरच्यांना काय वाटेल? पूम्पुहार नावाचं ते गाव कावेरी जिथे समुद्राला मिळते तिथे आहे. प्राचीन काळी मोठं बंदर होतं, पूर्वेकडच्या देशांशी त्याचा व्यापार चाले. त्यातलं काही जमिनीवर उरलं आहे, आणि बरंच समुद्रानं गिळलं असं मानतात. किती, कुठे, केव्हा, यावर जाणकारांचे मतभेद आहेत. बुडालेल्या शहरांचे व्हिडिओ कुणी ग्रुपवर टाकले की भाऊ चिडायचे. "तळावरचा खडक चौकोनी दिसला का यायले राजवाडा दिसतो." आणि आता तेच बॅग भरून निघाले होते.

एका रविवारी वहिनींनी मला बोलावलं. भाऊ बाजारात गेले होते. वहिनी सरळ स्वभावाच्या, आडून बोलणं त्यांना जमत नाही. त्यांनी कपाटातून भाऊंची पोहण्याची चड्डी आणि टॉवेल काढून माझ्यासमोर ठेवला. "वास घ्या," म्हणाल्या. मी संकोचलो. "घ्या हो. साबणाचा येतो ना? मी जशी घडी घालून देते तशीच परत येते. चारही वेळा. समुद्र बघायला जातात आणि कपडे कोरडे?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "मागच्या वेळी मी फोन केला तर एका बाईनं उचलला. तमिळ बोलत होती. मागे एक लहान मुलगी हसत होती. मी विचारलं तर हे म्हणाले, चुकून लागला असेल दुसरीकडे. फोन चुकून लागतो का हेमंत, आता?" मी टॉवेलाची घडी पुन्हा घातली. त्या पुढे म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात पुन्हा चाललेत. तुम्ही जा बरोबर. फक्त बघून या." त्या 'फक्त बघून या' मध्ये काय होतं ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी भाऊंना म्हणालो, मलाही यायचंय, सुट्टी शिल्लक आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "रेखानं पाठवलं काय तुले?" "नाही हो," मी म्हणालो. हे ते पहिलं खोटं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तिकिटाचा नंबर पाठवला.

सिंगापूरहून तिरुचिरापल्लीला थेट विमान आहे. तिथून टॅक्सीनं तंजावर, कुंभकोणम करत दुपारी आम्ही पूम्पुहारला पोहोचलो. वाटेभर मी त्यांचा फोन वाजतो का, ते कुणाला मेसेज करतात का, याकडे लक्ष ठेवून होतो. टॅक्सीवाल्यानं त्यांना ओळखल्यासारखं हसून काही विचारलं आणि भाऊंनी बोटीवर शिकलेल्या मोडक्या तमिळमध्ये उत्तर दिलं, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. किनारा म्हणाल तर फार काही नाही. लाटांनी जमीन खाऊ नये म्हणून टाकलेले मोठमोठे दगड, त्यांच्यापलीकडे चहासारखं गढूळ पाणी, सुकत घातलेली मासळी, सहलीला आलेली शाळकरी मुलं. "बुडालेलं शहर कुठेय?" मी विचारलं. भाऊंनी हनुवटीनं समुद्राकडे दाखवलं. "तिथं. असं म्हणतात."

पण गावाच्या आत त्यांनी मला एक जागा दाखवली, ती मात्र कोरडी आणि खरी होती. जुन्या बौद्ध विहाराचा उत्खननात सापडलेला पाया. गुडघाभर उंचीच्या विटांच्या भिंती, चौकोनी खोल्यांचे आराखडे, आजूबाजूला गवत. फलक होता, तो भाऊंनी वाचलाही नाही. चपला काढून ते आत उतरले, हात जोडले, आणि मग खाली बसून एका विटेवर पंजा पसरला. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एक वीत, आणि वर चार बोटं. शेजारची वीट, पुन्हा तेवढीच. तिसरी. "आजच्या विटेहून कितीतरी मोठी अन् चपटी हाय," ते म्हणाले. "ही हाताले एकदा समजली का अंधारातबी समजते." इथे राहणारे भिक्षू जहाजातून आपल्याकडे, म्हणजे आता मी राहतो त्या समुद्राकडे, जात असतील का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "असतील. मी पायलं नाही." पण त्यांचा हात विटेवरून निघत नव्हता. इतक्या वर्षांत त्यांना एखाद्या वस्तूला इतक्या हळुवारपणे हात लावताना मी पाहिलं नव्हतं.

चार वाजता ते म्हणाले, तू लॉजवर आराम कर, मी येतो. मी बरं म्हणालो, आणि दोनशे पावलांचं अंतर राखून त्यांच्यामागे गेलो. आज हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती. मला वाटत होतं, मी वहिनींसाठी करतोय. कोळ्यांच्या वस्तीत निळ्या दरवाजाच्या एका घरापुढे ते थांबले. हाक मारली नाही. ओट्यावर बसले. चाळिशीची एक बाई बाहेर आली, तिनं स्टीलच्या पेल्यात पाणी पुढे केलं. पाच-सहा वर्षांची एक मुलगी धावत येऊन "ताता, ताता" म्हणत त्यांच्या गुडघ्याला बिलगली. ताता म्हणजे आजोबा, एवढं तमिळ सिंगापुरात मलाही कळतं.  एका नारळाच्या झाडाआडून मी फोटो काढला. ओट्यावर भाऊ, समोर पेला धरलेली बाई, गुडघ्याशी मुलगी. आणि तो वहिनींना पाठवला. खाली एवढंच लिहिलं, 'इथे एक घर आहे.' दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही.

मी फोन खिशात घालतो तोच भाऊंचा आवाज आला. मागे वळूनही न पाहता, मराठीत. "हेमंत, इकडे ये. उन्हात कायले उभा हायस?"

मी ओट्याशी गेलो. ते माझ्याकडे न पाहता बोलू लागले. हे घर सेल्वमचं. ती बाई त्याची बायको, मुलगी त्याच्या मुलीची. सेल्वम त्यांच्या मोजणीच्या बोटीवर पाणबुड्या होता. एकदा जेवताना तो सांगत बसला, की आमच्या गावासमोर समुद्राखाली शहर आहे, माझ्या बापाचं जाळं तिथे अडकायचं, बारा वर्षांचा असताना मी बुडी मारून विटांची भिंत पाहिली. भाऊंनी तिथल्या तिथे उलटतपासणी घेतली. किती खोल? तीन-चार पुरुष, म्हणजे तीन-चार माणसांच्या उंचीइतकं. किनाऱ्यापासून किती? कोणत्या दिशेला? भिंत किती लांब? सेल्वम भांबावला, दोन उत्तरं एकमेकांशी जुळली नाहीत, आणि सगळ्या बोटीसमोर भाऊ म्हणाले, हा थापा मारतो. माणसं हसली. पुढच्याच महिन्यात बोटीमागून ओढायच्या एका महागड्या यंत्राची तार तुटली आणि ते तळाशी गेलं. सेल्वमनं बुडी मारली आणि सांगितलं, मी पाहिलंय, त्या जुन्या बोटीच्या सांगाड्याला अडकलंय. भाऊंचं गणित सांगत होतं, की प्रवाह यंत्राला तिकडे नेणारच नाही. त्यांनी शोध दुसरीकडे घेतला, आणि अहवालात लिहिलं, की या पाणबुड्याच्या पाहण्यावर विसंबता येत नाही. यंत्र मिळालं नाही. सेल्वमचा परवाना वाढवला गेला नाही, तो गावी परतला. दीड वर्षानं दुसऱ्या एका बोटीला ते यंत्र सापडलं... सांगाड्याला अडकलेलं.

"मी कुणालेच सांगितलं नाही," भाऊ म्हणाले. "रेखालेबी नाही. गाव आमच्याबद्दल जे करत होतं तेच मी केलं, हेमंत. पायलं नाही, अन् ठरवून टाकलं."

निवृत्त झाल्यावर ते सेल्वमला शोधत इथे आले. सेल्वम आतल्या खोलीत जाळं विणत बसला आणि बाहेर आला नाही. भाऊ ओट्यावर अर्धा तास बसून गेले. पुन्हा आले, पुन्हा तेच. चार वेळा. बायको पाणी द्यायची, कारण दारात आलेल्याला पाणी द्यायचं असतं, पण तोंड फिरवून. एकदा ते ओट्यावरच पेंगले आणि वाजणारा फोन तिनं उचलला. नातीला मात्र राग वगैरे ठाऊक नव्हता.

दारात आणखी कुणी आलंय हे आत कळलं असावं, कारण निळा दरवाजा उघडला आणि लुंगीतला, रुंद छातीचा, पिकल्या केसांचा माणूस बाहेर आला. त्यानं भाऊंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बोट करून बोटीवरच्या इंग्रजीत म्हणाला, "हे कोण? साक्षीदार आणलात?"

"नाही," भाऊ म्हणाले. "माझ्यावर नजर ठेवायला आलाय. माझ्या बायकोनं पाठवलंय. तिला वाटतं, मी इथे दुसरा संसार केलाय."

म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं, पहिल्या क्षणापासून. सेल्वमला ते समजायला थोडा वेळ लागला. त्यानं ते बायकोला तमिळमध्ये सांगितलं. ती आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसू लागली. आणि मग सेल्वमही. खो खो हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसणं थांबल्यावर भाऊंच्या शेजारी ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आता कळलं ना सर, कसं वाटतं ते?"

"कळलं," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वमच्या फायबरच्या होडीतून आम्ही निघालो. मी पाण्याला घाबरतो, होडीची कड दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. किनारा दिसेनासा झालाही नव्हता, तेवढ्यात सेल्वमनं नांगर टाकला. भाऊंचं वय बासष्ट, दम्यामुळे अधूनमधून धाप लागायची. मी नको म्हणालो. त्यांनी चष्मा माझ्याकडे दिला, पाणबुड्याचा मास्क चढवला आणि नांगराची दोरी धरून सेल्वमच्या मागे पाण्यात गेले. पाणी इतकं गढूळ की डोकं बुडताच माणूस नाहीसा होत होता. एकदा वर आले, धापा टाकत. मान हलवली. दुसऱ्यांदा वर आले, खोकत. मी म्हणालो, पुरे आता. तिसऱ्या वेळी ते इतका वेळ खाली राहिले, की मी ओरडायला लागलो. वर आले तेव्हा ओठ निळे पडले होते. दोन्ही हातांनी होडीची कड धरून ते सेल्वमकडे वळले आणि तमिळमध्ये एकच शब्द बोलले. "सेंगल." वीट.

सेल्वम पाण्यात तसाच तरंगत राहिला.  मग भाऊ इंग्रजीत म्हणाले, "यू वेअर राइट, सेल्वम. बोथ टाइम्स." दोन्ही वेळा. सेल्वमनं त्यांना काखेत हात घालून होडीत चढवलं, आणि स्वतःच्या टॉवेलानं त्यांचं डोकं पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

परतीच्या विमानात मला ते सारखं टोचत होतं. जो माणूस एक रेघ तीनदा मोजतो, त्यानं एकदा हात लावून वीट ठरवली? पुन्हा खाली जायचं म्हणाला नाही, लांबी विचारली नाही, जागेची नोंद घेतली नाही. आणि 'सेंगल' म्हणताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. शेवटी मी विचारलंच, "भाऊ, खरंच वीट होती?" ते खिडकीबाहेर पाहत होते. "तू स्वतः पायलं काय?" म्हणाले. "नाही." "मंग?" आणि डोळे मिटले. मला तो मुद्दा टाळल्यासारखा वाटला. पुढच्या आठ महिन्यांत मी तीनदा वेगवेगळ्या वाटेनं त्याच प्रश्नाशी आलो, आणि तिन्ही वेळा त्यांनी मला तिथूनच परत पाठवलं.

घरी गेल्यावर त्यांनी वहिनींना सगळं सांगितलं. मी चार दिवस तोंड लपवून होतो, मग गेलो. वहिनी कांदा चिरत होत्या. म्हणाल्या, "तो फोटो तुम्ही नीट पाहिला होता का पाठवण्याआधी? मी पाहिला, मोठा करून. त्या बाईचं तोंड भिंतीकडे होतं आणि पेला असा लांब धरलेला, हात लागू नये म्हणून. जिचं माणूस असतं ती बाई असा पेला देते का? माझी काळजी तिथेच संपली. दुसरीच सुरू झाली, की यांनी तिचं काय बिघडवलंय."  त्यांनी मला उरलेला कांदा चिरायला दिला.

भाऊ गेल्यावर दोन आठवड्यांनी सेल्वमला कळवायचं काम माझ्याकडे आलं. तो फोन घेऊन घराबाहेर आला असावा. लाटांचा आवाज येत होता... की वाऱ्याचा, कोण जाणे. मग म्हणाला, "तुम्हाला एक सांगतो. सरांना सांगायचं राहिलं. ती जागा ती नव्हती. माझ्या बापाची जागा लांब आहे, खोल आहे. सरांचा श्वास बघून मला तिकडे न्यायचं धाडस झालं नाही. मी जवळच थांबलो. तिथे नुसती वाळू आणि दगड आहेत. मला वाटलं, सर वर येऊन म्हणतील, काही नाही. मग मी म्हणणार होतो, पुन्हा कधीतरी."

"मग ते 'सेंगल' म्हणाले तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"सर पाच वेळा आले होते," तो म्हणाला. "पाच वेळा."

फोन ठेवल्यावर मला आधी सेल्वमचाच संशय आला. मुळात ती लांबची, खोल जागा तरी आहे का? मग भाऊंचा. गढूळ पाण्यात बोटं बधिर झाल्यावर शेवाळलेला चपटा दगड विटेसारखा लागू शकतो. ते फसले असतील. की फसले नसतील? वहिनींना यातलं काही सांगावं की नाही, या विचारात मी पंधरा दिवस हौगांगला गेलोच नाही.

शेवटी गेल्या आठवड्यात गेलो. प्रज्ञा येऊन परत गेली होती. वहिनी म्हणाल्या, त्यांच्या खोलीतलं मी काही हलवलेलं नाही, तुम्हाला त्यातलं कळतं, तुम्ही बघा. म्हणजे मी पूर्वी भाड्यानं राहायचो तीच खोली. खिडकीशी टेबल, आणि भिंतीला लागून पुठ्ठ्याच्या बांधणीच्या वह्या, तीस-पस्तीस तरी. मी तिथे राहत होतो तेव्हा त्या त्यांच्या कपाटात कुलपात असायच्या, मी कधी उघडून पाहिल्या नव्हत्या. कामावरचं, घरचं, सगळं एकाच वहीत. बोटीवरची खोली, प्रज्ञाची उंची, डॉक्टरनं सांगितलेला रक्तदाब. प्रत्येक पानाला पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात काय ऐकलं किंवा मोजलं, दुसऱ्यात स्वतः काय पाहिलं, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर 'पडताळणी'. तिसऱ्यात दोनच शब्द आलटून पालटून. 'झाली', नाहीतर 'बाकी'. सेल्वमच्या यंत्राचं पानही सापडलं. तिथे 'झाली' असं लिहून ते नंतर दुसऱ्या शाईनं खोडलं होतं, आणि खाली 'चूक माझी'.

शेवटच्या वहीत पूम्पुहारचं पान होतं. होडीतून आल्यावर लॉजवर मी झोपलो तेव्हा लिहिलं असणार. पहिल्या रकान्यात, 'सेल्वम - विटांची भिंत, तीन-चार पुरुष खोल.' दुसऱ्यात, 'नांगराची दोरी जेमतेम दीड पुरुष. तळाशी वाळू, दगड. वीट नाही. जागा ही नव्हे. माझ्या दम्यामुळे जवळ थांबला असावा. त्याला वीट आहे असं सांगितलं.' आणि तिसऱ्यात, पडताळणीच्या खाली, 'गरज नाही.'

मी ते पुन्हा वाचलं. मग पाठीमागची वही घेतली, तिच्या आधीची, तिच्याही आधीची. जमिनीवर बसून एकेक पान उलटत तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो. झाली, झाली, बाकी, झाली. खाली शाळा सुटल्याचा गलका झाला, मग तोही विरला. दारात वहिनी येऊन उभ्या राहिल्या. मी काय शोधतोय ते त्यांना सांगितलं, आणि ते पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, भाऊंच्या खुर्चीवर बसल्या आणि वही मांडीवर उघडीच ठेवली.

"सापडलं दुसरीकडे कुठे, 'गरज नाही'?" त्यांनी विचारलं.

"अजून तरी नाही," मी म्हणालो. "बारा वह्या राहिल्यात."

"बघा मग," त्या म्हणाल्या, आणि उठून खोलीतला दिवा लावला.